मागच्या खोलीची उंची

१

सरांनी पाठीवर सॅक चढवली की जिन्यातली दारं एकेक करून किलकिली व्हायची. सॅकमध्ये पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटल्या आणि शिवाय दोन जाडजूड शब्दकोश असत. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून परत तळमजल्यापर्यंत, असे फेरे रोज सकाळी चालत. पुढे बाई, मागे सर. बाई शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही दोन-दोन पायऱ्या सहज घेत. सरांनी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. कोणत्या पायरीवर गुडघ्याला किती भार पडतो हे त्यांना नेमकं कळायचं, आणि कळायचं म्हणून तो दुप्पट वाटायचा.

"काय सर, लिफ्ट बंद आहे का?" दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर रोज तेच विचारी.

"लिफ्ट चालू आहे. बंद मी पडतोय."

"बाई, यांना वरच सोडून या एकदा. सुटाल!"

"वरपर्यंत पोचले तर सोडीन ना!" बाई दोन मजले वरून ओरडत, आणि त्यांच्या आवाजात धाप नावालाही नसे.

हिमालयातली एक बर्फातली खिंड ओलांडायची हे बाईंचं लग्नाआधीपासूनचं वेड होतं. दर वर्षी सरांकडे न जाण्याचं एखादं सबळ कारण असे. कधी परीक्षेचे पेपर, कधी मुलीची दहावी, कधी नुसताच खोकला. या वर्षी बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या होत्या, "मी नाव दिलंय. तुम्ही आलात तर बरोबर जाऊ. नाही आलात तर मी जाईन." त्या चिडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं, कारण चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते. सरांनी त्याच संध्याकाळी आपलंही नाव दिलं. डोंगराची भीती त्यांना होतीच, पण एक चित्र त्याहून जास्त छळत होतं. बाई पुढच्या वळणावर पोचल्यात, मागे वळून न बघता दिसेनाशा झाल्यात, आणि आपण दगडावर बसून बुटाची नाडी बांधतोय.

ट्रेकच्या गटाच्या म्होरक्याला सगळे दाढी म्हणत. दाढी उघडच होती, बाकीचा चेहरा शोधावा लागे. पहिल्या सभेत त्याने एकच गोष्ट तीन-तीनदा सांगितली होती. "वर हवा विरळ. तिथे आधी अक्कल जाते, ताकद नंतर. आणि अक्कल गेलीय हे ज्याची गेली त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येकाला जोडीदार. त्याचे ओठ बघायचे. निळे दिसले की सांगायचं, उतर. तो म्हणेल, मी ठणठणीत आहे. वाद घालायचा नाही, उतरवायचं."

"नवरा-बायकोची जोडी असेल तर?" कुणीतरी मागून विचारलं. "आमच्याकडे वादाशिवाय पंखासुद्धा लागत नाही."

सगळे हसले. सरही हसले, पण घरी येताना त्यांनी रिक्षाच्या आरशात आपले ओठ बघून घेतले.

ट्रेकचं सगळं सामान मागच्या खोलीत ठेवलं होतं. ही मुलीची जुनी खोली. मुलगी डॉक्टर होऊन दुसऱ्या शहरात गेली, तेव्हापासून तिथे एक पलंग, एक कपाट आणि रस्त्याकडची खिडकी एवढंच उरलं होतं. खिडकीसमोर इस्त्रीवाल्याचं दुकान. आता पलंगावर स्लीपिंग बॅगा, खाली बूट, आणि कोपऱ्यात खाऊच्या पुड्यांचं खोकं. त्या सकाळी फेरे संपवून सर मोजे घ्यायला आत गेले, तेव्हा त्यांचं लक्ष खोक्याकडे गेलं. वेफर्सचे, बिस्किटांचे, चॉकलेटचे सगळे पुडे टम्म फुगले होते. एखाद्या वर्गाने ठरवून गाल फुगवून बसावं तसे.

२

सरांनी एक पुडा बोटाने दाबला. नगाऱ्याच्या कातड्यासारखा ताणलेला. माल खराब असणार, असं म्हणून तो परत करण्यासाठी ते बाहेर घेऊन आले. दिवाणखान्यात येईपर्यंत तो हातातल्या हातात मऊ पडला. जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा तो कुठल्याही दुकानातल्या कुठल्याही पुड्यासारखा होता.

ते पुन्हा आत गेले. उंबऱ्यापाशीच पुडा हातात फुगू लागला.

याचा अर्थ न कळायला ते काही कवी नव्हते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की बंद पुडा फुगतो. वरच्या तळांवर गेलं की असंच होतं हे दाढीनेही सांगितलं होतं. पण दार सताड उघडं आणि आतला दाब वेगळा? पहिल्या वर्षाच्या पोराने असं लिहिलं असतं तर सरांनी त्यावर लाल रेघ मारून वर प्रश्नचिन्ह काढलं असतं. इतका फरक असता तर उंबऱ्यावर वाऱ्याने घोंघावायला हवं होतं. सरांनी दारात कागदाचा कपटा धरून पाहिला. कपटा हललासुद्धा नाही.

मुलीने पाठवलेलं बोटाला लावायचं यंत्र त्यांनी काढलं, रक्तातला प्राणवायू मोजणारं. दिवाणखान्यात त्याने शहाण्यासारखा आकडा दाखवला. मागच्या खोलीत पलंगावर बसल्यावर तो आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला आणि अशा ठिकाणी थांबला की मुलीने पाहिला असता तर मिळेल त्या गाडीने निघून आली असती. बोटं गार असली की हे यंत्र चुकतं, सरांनी स्वतःला बजावलं. बोटं गार होती. पण त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं तर इस्त्रीवाला उघड्या अंगाने घाम पुसत होता.

मुलीला सांगावं? तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, एक जरी गोष्ट इकडची तिकडे वाटली तरी मी तुमचं जाणं रद्द करणार. मग आईने कितीही तोंड फुगवलं तरी." बाईंना सांगावं? बाई म्हणणार, झालं, निघालं या वर्षीचंही कारण.

सर कुणालाच काही बोलले नाहीत. मग त्यांच्या डोक्यात एक विचार आला आणि त्या विचाराने त्यांना हसूच आलं. लोक उंचीची सवय व्हावी म्हणून आठ-आठ दिवस आधी जाऊन तंबूत कुडकुडतात. आपल्याला ती सोय घरबसल्या मिळतेय, तीही संडास-बाथरूमच्या शेजारी. हे खरं असेल तर उपयोग होईल. खोटं असेल तर नुकसान काय?

इतका बिनचूक युक्तिवाद आपण गेल्या कित्येक वर्षांत केला नव्हता, असंही त्यांना वाटलं. हा विचार त्यांना सुचला तेव्हा ते त्याच खोलीत, त्याच पलंगावर बसलेले होते.

३

बाई सकाळी भाजी आणायला गेल्या की सर मागच्या खोलीत जाऊन बसत. आधी नुसते बसत, मग सॅक घेऊन जागच्या जागी पावलं टाकत. पहिले काही दिवस डोकं ठणकलं. मग सवय झाली. जिन्याचे फेरे सोपे वाटू लागले. रविवारी दाढीने सगळ्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर पळवलं, तेव्हा सर पहिल्या पाचांत आले.

"सर, काय खाताय काय?" दाढी म्हणाला.

"माझा मार," बाई म्हणाल्या. पण त्या सरांकडे जरा रोखून बघत होत्या, आणि सरांना ते बघणं नव्या लग्नातल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर दोघं बरोबरीने चालली.

फक्त खोली एका उंचीवर थांबत नव्हती. आदल्या दिवशी अंगवळणी पडलेली हवा दुसऱ्या दिवशी पुरेनाशी होई. एकदा सरांनी विजेची किटली आत नेली. पाणी बघता बघता खदखदलं, पण चहा घोटभर प्यायल्यावर जेमतेम कोमट. त्याच दिवशी खोक्यातला एक पुडा आपोआप फुटला. तो फुटताना सरांना दिसला. आवाज मात्र जरा मागाहून आला.

यावर सरांनी बराच विचार केला. विरळ हवेत आवाज क्षीण होईल, हे बरोबर. पण उशिरा? उशीर हवेमुळे होत नाही, अंतरामुळे होतो. दूरच्या मैदानात कुणी बॅट फिरवावी आणि टोल्याचा आवाज नंतर कानावर यावा, तसं. खोकं पलंगापासून हाताच्या अंतरावर होतं. मेंदूला प्राणवायू कमी पडला की दिसणं आणि ऐकणं यांचा मेळ चुकत असेल, असं त्यांनी ठरवलं. मेंदूवर ठपका ठेवला की खोली निर्दोष सुटत होती.

आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर मात्र त्यांनी मुद्दाम विचार केला नाही. पावलं टाकून दमले की ते थांबत, ओणवे होऊन गुडघ्यांवर हात ठेवत आणि श्वास सावरत. श्वास सावरायचा. धाप मात्र चालूच राहायची, आणखी चार-सहा श्वास. ती खिडकीच्या बाजूने येई. चढावर आपल्या मागून येणाऱ्या माणसाने, आपण थांबलो म्हणून थांबावं आणि त्याला थांबायला थोडा वेळ लागावा, तशी.

४

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नाश्त्याला बाई फार खुशीत होत्या. गाणं गुणगुणत त्यांनी सरांच्या बशीत चमचा ठेवला, मग आणखी एक ठेवला, मग तिसरा.

"अगं, मला तोंड एकच आहे," सर म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं. बाईंच्या ओठांना जांभळट-निळी झाक होती. शाई चोखलेल्या मुलासारखी.

"तू कुठे होतीस आत्ता?"

"कुठे असणार? घरात."

"घरात कुठे?"

बाई खो खो हसल्या. "चोराच्या मनात चांदणं! मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? तुमच्या आधीपासून जातेय मी त्या खोलीत. तुम्ही दुपारी वाचनालयात गेलात की. आज तर पहाटेच जाऊन आले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच दाराला कुलूप लावलं असतंत आणि त्यावर व्याख्यान दिलं असतंत."

सरांना हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं एका छताखाली राहून दोघांनी एकमेकांपासून लपवली ती नेमकी एकच गोष्ट. आणि दोघांनीही एकाच कारणासाठी. दुसऱ्याने आपल्याला थांबवू नये म्हणून.

"उतर," सर म्हणाले.

"काय?"

"ओठ निळे आहेत तुझे. चल, खाली जाऊ. तळमजल्यावर जाऊन बसू जरा."

"मी ठणठणीत आहे हो!" बाई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्या मुकाट्याने सरांबरोबर जिना उतरल्या. तळमजल्याच्या पायरीवर दोघं बसली. हळूहळू ओठांवरची निळाई गेली आणि तिच्याबरोबर ती खुशीही गेली.

"मी तुम्हाला हसत होते," बाई हळूच म्हणाल्या. "दुपारी मी आत असताना तुम्ही वाचनालयातून लवकर परत यायचात आणि दाराआड उभे राहायचात ना? मी किती वेळ टिकते ते बघायला? तुमची धाप ऐकू यायची. मी मुद्दाम वळून बघायची नाही. म्हटलं, लपू दे बिचाऱ्यांना."

सर दुपारी कधीच लवकर परत आले नव्हते. वाचनालय बंद होऊन शिपाई दिवे मालवू लागेपर्यंत ते वर्तमानपत्रातली कोडी सोडवत बसत. हे त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं. गार पायरीवरून उठावं असं दोघांनाही वाटलं, पण घर वर होतं.

"डोंगरावर जायचं नसेल तर आत्ता सांग," सर म्हणाले. "मी मुलीला फोन करतो, दाढीला सांगतो."

"डोंगरावर जायचंय," बाई म्हणाल्या. "त्या खोलीत जायचं नाही."

"सामान आहे ना आत. बूट, सॅका, सगळंच."

"मग एकदाच जाऊ. दोघं मिळून. एकाने दारात उभं राहायचं आणि दुसऱ्याने पटकन काढून आणायचं."

"मी येईपर्यंत एकटीने दाराला हात लावू नकोस," सर म्हणाले. त्यांना औषधवाल्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या आणायच्या होत्या. बाईंनी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली, आणि मग सरांचा गळा चिमटीत धरून म्हणाल्या, "हाडंच राहिलीत शपथेला."

५

औषधवाला बोलघेवडा होता. गोळ्या कशा घ्यायच्या, त्याच्या मेव्हण्याला वर काय काय झालं, सगळं सांगून त्याने सोडलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सर जिना चढून आले. धाप लागली नाही याचा त्यांना क्षणभर आनंदसुद्धा झाला.

घराचं दार उघडं होतं आणि मागच्या खोलीचंही.

बाई खिडकीशी उभ्या होत्या, दाराकडे पाठ करून. उजेड होता, सगळं लख्ख दिसत होतं. पलंग, स्लीपिंग बॅगा, भिंतीशी टेकलेल्या सॅका. दारापासून खिडकीपर्यंत चार पावलं. बाईंच्या पलीकडे, काचेतून, इस्त्रीवाला शर्टाची कॉलर शेकत होता.

"अगं, ठरलं काय होतं आपलं?" सर उंबऱ्यावरून म्हणाले.

बाई हलल्या नाहीत. सरांनी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. त्या रागावल्यात का, झोपेत उभ्या आहेत का, असे दोन-तीन तर्क त्यांच्या मनात येऊन गेले, आणि मग बाई दचकून वळल्या. हाक नुकतीच कानावर पडल्यासारख्या.

सर जन्मभर हा हिशेब मुलांकडून करून घेत आले होते. डोळ्याला दिसणं आणि कानाला ऐकू येणं यांत किती वेळ गेला, त्यावरून ढग किती दूर ते काढायचं. तो हिशेब त्यांच्या डोक्यात न बोलावता झाला. उत्तर आलं ते खोलीत मावणारं नव्हतं. इमारतीत नव्हतं, गल्लीतही नव्हतं.

बाईंनी त्यांना पाहिलं. त्यांचे ओठ भराभर हलू लागले. त्या काहीतरी सांगत होत्या, सगळा जीव लावून सांगत होत्या. मग दरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. चार पावलांवर उभ्या असलेल्या बाईंच्या मानेच्या शिरा ताणलेल्या सरांना दिसल्या. आवाज मुळीच नव्हता. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता तेवढाच.

थांबावं, सरांच्या मनाने सांगितलं. आवाज निघालाय, तो पोचेल. ती काय म्हणते ते आधी ऐकावं आणि मग ठरवावं. खालच्या डॉक्टरला बोलवावं. मुलीला फोन करावा. सगळे विचार नेहमीसारखे शहाणे होते, नेहमीसारखे रांगेत उभे होते. अशाच शहाण्या विचारांनी त्यांनी बाईंची इतकी वर्षं घालवली होती. बाईंचे ओठ निळे होते. इतक्या दुरूनही ते दिसत होते.

सरांनी गोळ्यांची पुडी खाली टाकली आणि आत पाऊल टाकलं.

पहिली फरशी नेहमीसारखी होती. दुसऱ्या फरशीवर त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला. बर्फ नव्हता, वारा नव्हता, पंख्यावरची धूळसुद्धा तीच होती. फक्त पाऊल उचलायचं म्हटलं की आधी शरीराची समजूत काढावी लागत होती. एक पाऊल, एक श्वास. मग एक पाऊल, दोन श्वास. बाई दोन्ही हात हलवत होत्या. सरांनी हात वर केला, आलोच. मागे फ्रिजची घरघर बारीक होत गेली आणि केव्हातरी थांबली. पलंगाचा कठडा उजव्या हाताला होता तो अजून उजव्या हातालाच होता. किती वेळ चालत होतो हे त्यांना पुढे कधी सांगता आलं नसतं. गुडघ्यांबद्दल त्यांनी एकदाही विचार केला नाही, हे मात्र खरं.

आणि मग, पलंगाच्या मध्यावर, बाईंचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. लांबून आलेला, विरलेला, पण शब्दन् शब्द स्पष्ट.

"अहो, आत येऊ नका! तिथेच दारात उभे राहा! तुमची धाप ऐकू आली म्हणून मी आत आले, तुम्ही नव्हतात. आता तुम्ही दारात दिसताय, म्हणून मला दार दिसतंय. मी उतरतेय. मी येतेय. तुम्ही फक्त तिथून हलू नका!"

सरांनी समोर पाहिलं. बाईंचे हात खाली पडले होते. त्या आता काही बोलत नव्हत्या, आणि सरांकडे बघतही नव्हत्या. सरांच्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

सर वळले. दार खूप खाली होतं, आगपेटीएवढं, दिवाणखान्यातल्या उजेडाने पिवळं. त्यात कुणीतरी उभं होतं. बरोबर सर आधी उभे होते तिथे, एक हात चौकटीला लावून, ओणवं. चेहरा अंधारात होता. खांदे वर-खाली होत होते, फार मोठी चढण संपवून अखेर घरी पोचलेल्या माणसासारखे.

"अहो," बाई मागून म्हणाल्या, किंवा मघाशी म्हणाल्या होत्या.

खांदे हळूहळू शांत झाले. ते जे कोण होतं ते सरळ झालं, एक पाऊल मागे, दिवाणखान्यात गेलं, आणि त्याने कडी धरून दार ओढून घेतलं.

दार लागताना सरांना दिसलं. आवाज अजून यायचा होता.